स्वतःसाठी गणित, आपल्यासाठी राहू

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त २० डिसेंबर २०२५ रोजी पूर्णेकाठच्या एका गावातल्या वाचनालयात एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने दिलेलं व्याख्यान. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

मायबाप हो,

यंदा सात सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री अकराला चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत तांब्याच्या हंड्यासारखा लाल दिसत राहिला. आभाळ भरलेलं होतं, पण मधूनमधून ढग फाटत होते. मी स्लॅबवर दुर्बीण लावून बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास शेजारून हाक आली. त्यांच्या सुनेला सातवा महिना. ती चक्कर येऊन पडली होती. दुपारी एक वाजता वेध लागले, तेव्हापासून तिच्या पोटात घोटभर पाणी नव्हतं. दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि हलायचं नाही म्हणून बाई भिंतीला पाठ टेकून बसलेली.

आधी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं ती सावरली. तिच्या सासूच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मला म्हणाली, "गुर्जी, लेकराचा ओठ फाटला तं कोन जबाबदार?" त्या माउलीला मी दोष देत नाही. नातवाच्या काळजीनंच तिनं सुनेला कोंडलं होतं. पण तिला मी तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगतो. पोटातल्या बाळाचा ओठ दुसरा महिना सरायच्या आत जुळून येतो. टाळूही तिसऱ्या महिन्यात जुळून जाते. सातव्या महिन्यात आभाळात काहीही झालं, तरी जुळलेला ओठ फाटत नाही. आणि एखादं बाळ फाटक्या ओठाचं जन्मलंच, तर आज त्यावर चांगली शस्त्रक्रिया होते.

गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. गोड आहे, ओठ नीट आहे. पण एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. आपल्या बाजूचा पुरावा दिसला की हुरळून जायचं नाही, विज्ञानात ही पहिली शिस्त आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी पंचांग उघडलं. त्यात ग्रहणाचा स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटासकट छापलेला होता, आणि आभाळात अगदी तसंच घडलं. गरोदर बाईला, आजाऱ्याला, लहान लेकराला वेधाची सूट असते, तेही पंचांगात असतं. ते त्या घरात कोणी वाचलं नव्हतं. मग मनात आलं, हे मिनिट कोणी काढलं? राहू-केतूंना विचारून तर काढलं नाही. पृथ्वीची सावली, चंद्राचा मार्ग, दोघांचा वेग, या हिशेबातूनच ते निघालं. म्हणजे पंचांग करणाऱ्याला सावली पक्की ठाऊक आहे. तरी त्या बाईच्या खोलीपर्यंत पोचला तो राहूच. असं कसं झालं? आज मला एवढंच बोलायचं आहे.

हे फार जुनं आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. वराहमिहिरानंही राहूला ग्रहणाचं कारण मानलं नाही. पुढं ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त आला. शून्याचे नियम मांडणारा हा केवढा मोठा गणिती! त्यानं या दोघांना झोडपलं. राहू नाही असं म्हटलं तर ग्रहणातलं स्नान, दान, जप सगळं फोल ठरेल, आणि श्रुतिस्मृतींना बाध येईल, असा त्याचा मुद्दा. हे लिहिणारा ब्रह्मगुप्त ग्रहणाचं गणित करायला बसला, की मात्र सावलीचीच त्रिज्या धरतो.

चारशे वर्षांनी, १०३० च्या सुमारास, अल् बिरुनीनं हे वाचलं. तो परका माणूस, पण इथलं ज्योतिष मन लावून शिकलेला. एवढ्या जाणत्या माणसानं हे का लिहावं, याचं त्याला फार वाईट वाटलं. त्यानं अंदाज बांधला की, विचारांपायी विषाचा पेला प्यावा लागलेल्या सॉक्रेटिसासारखं आपलंही होईल, असं ब्रह्मगुप्ताला भय असावं. म्हणून खरं माहीत असूनही मनाविरुद्ध बोलला असावा. हजार वर्षांपूर्वीचं हे वाचन मला गॅलिलिओच्या गोष्टीपेक्षा जवळचं वाटतं, कारण यात खलनायक कोणी नाही. एक शहाणा माणूस आहे आणि त्याच्या भोवती एक व्यवस्था आहे.

गॅलिलिओची गोष्ट शाळेत आपण शिकतो, पण अर्धीच. २२ जून १६३३ ला एकोणसत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला रोममध्ये गुडघ्यांवर बसवून, पृथ्वी फिरते हे मत मी सोडतो, असं वाचायला लावलं. मरेपर्यंत, म्हणजे १६४२ पर्यंत, तो नजरकैदेत राहिला. उठताना "तरीही ती फिरते" असं पुटपुटल्याचं सांगतात, पण ती मागाहून जोडलेली आख्यायिका आहे. ती मी मुलांना शिकवायचं सोडून दिलं. चर्चनं आपली चूक उघडपणे मानली ती ३१ ऑक्टोबर १९९२ ला.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. गुरूचे चंद्र दुर्बिणीतून खरंच दिसतात, याची खात्री चर्चच्याच विद्यालयातल्या जेसुइट ज्योतिषांनी १६११ मध्ये करून घेतली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकस हा स्वतः चर्चचा पदाधिकारी, आणि १५४३ चं त्याचं पुस्तक पोपलाच अर्पण केलेलं. १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारताना ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, तेव्हाही त्याच्या पद्धतीवर बेतलेली कोष्टकं ज्योतिषांच्या हाताशी होती. आणि ऐका, १६५५ मध्ये, गॅलिलिओच्या पुस्तकावर बंदी असतानाच, बोलोन्याच्या मोठ्या चर्चमध्ये कॅसिनी नावाच्या ज्योतिषानं छताला भोक ठेवून फरशीवर सूर्यरेषा आखली. ईस्टरचा दिवस अचूक ठरवायला चर्चला सूर्याची चाल बारकाईनं हवी होती. देवळातच वेधशाळा! कॅसिनीनं तिथे घेतलेल्या मोजमापांनी पुढं केप्लरलाच बळ दिलं, म्हणजे ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात असं म्हणणाऱ्यालाच. सत्तेला गणित नको होतं असं अजिबात नाही. ते चार भिंतींत हवं होतं, रस्त्यावरच्या माणसाच्या बोलीत नको होतं. आणि गॅलिलिओनं ते पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं नव्हतं, लोकांच्या इटालियन भाषेत लिहिलं होतं.

न्यायानं बोलायचं तर त्याच्याकडेही त्या वेळी पक्का पुरावा नव्हता. भरती-ओहोटीवरून केलेला त्याचा युक्तिवाद चुकलेला होता. पृथ्वी फिरते म्हणून जवळचे तारे किंचित सरकताना दिसले पाहिजेत, ते सरकणं बेसेल या ज्योतिषानं मोजलं थेट १८३८ मध्ये. पण चुकण्याचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा हवा. तिथे एकाच बाजूच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या होत्या.

धर्म एकीकडे आणि विज्ञान दुसरीकडे, अशी कुस्ती लावून टाळ्या घेणं मला पटत नाही. १७२१ मध्ये बोस्टनला देवीची साथ आली. तेव्हा देवीच्या फोडातला द्रव टोचून घ्या असं सांगणारा कॉटन मॅदर हा धर्मोपदेशक होता, आणि त्याला कडाडून विरोध करणारा डग्लस हा डॉक्टर. मॅदरला ही युक्ती त्याच्या घरातल्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामानं सांगितली होती. उपदेशकानं गुलामाचं ऐकलं, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

आणि आपली भाषा पाहा. त्या रोगालाच आपण 'देवी' म्हणतो. अंगावर फोड उठले की आई आली असं म्हणायचे, कडुलिंबाचा पाला बांधायचे आणि औषध देत नसत, कारण आईला औषध दिलं तर ती कोपते. मग लस आली. मुंबईत १४ जून १८०२ ला अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली. त्या टोचण्याला मराठी माणसानं नाव दिलं, 'देवी काढणं'. माझी आजी मरीमायला नैवेद्य दाखवून आली आणि तिथूनच आम्हा भावंडांना देवी काढायला घेऊन गेली. तिला त्यात विसंगती दिसली नाही, मलाही दिसत नाही. तिचा देव तिनं ठेवला आणि नातवंडं वाचवली. १९७५ मध्ये देशातली देवी संपली. इथे पुढं बसलेल्या बुजुर्गांच्या दंडावर ती गोल खूण अजून आहे.

आता माझं. १९७४ चा पावसाळा. माझा मोठा भाऊ सतरा वर्षांचा, वावरात जागलीला गेलेला. मचाणावर न झोपता खाली गोणपाटावर झोपला. पहाटे घरी आला तो पोट दुखतं म्हणत. त्याला मण्यार साप चावला होता. मण्यार चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. आग नाही, सूज नाही, दातांची खूणही नीट दिसत नाही. मग पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि शेवटी श्वास थांबतो. पापण्या मिटू लागल्यावर वडिलांनी बंडी जुंपली ती दवाखान्याकडे नाही, दोन कोसांवरच्या जाणत्याकडे. तीन तास मंत्र, लिंबं आणि कडुलिंबाचा डहाळा चालला. दिवस वर आला तेव्हा भाऊ गेला होता.

दोन वर्षांनी त्याच जाणत्याच्या नातवाला साप चावला. तेव्हा त्यानं लिंबू कापलं नाही. पोराला जीपमध्ये घालून थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. पोरगं वाचलं.

हे मला कळलं त्या दिवशी माझ्या अंगात आग भरली होती. नोकरीला लागल्यावर एकदा मी त्याच्याकडे गेलो. म्हातारा झाला होता, अंगणात खाटेवर बसलेला. मी विचारलं, "माह्या भावाले काऊन नाई म्हन्लं, दवाखान्यात ने म्हनून?" तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुह्या बापानं माहे पाय धरले व्हते. मले जमत नाई म्हन्लं असतं, तं दुसऱ्या दिवशी माह्या दारात कोन आलं असतं?"

तेव्हा मी अल् बिरुनी वाचला नव्हता. वाचला तेव्हा हा म्हातारा डोळ्यांपुढं उभा राहिला. तो लबाड नव्हता. पैसेही घेत नसे, नारळ तेवढा घेई. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष उतरतंच असं नाही. त्यामुळे त्याच्याकडे आलेली बरीचशी माणसं आपोआपच बरी होत आणि नाव त्याचं होई. त्या नावानं त्याला बांधून टाकलं होतं. नातवाच्या वेळी कोणी पाय धरणारं नव्हतं, म्हणून तो खरं वागू शकला.

आणि वडील त्याच्याकडे का गेले, हेही सांगितलं पाहिजे. तो पहाटे चारला घरी सापडायचा. पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा. दवाखाना बावीस किलोमीटर लांब, मध्ये नाला भरलेला, आणि तिथे गेल्यावर खेडूत म्हणून हिडीसफिडीस व्हायची ती वेगळीच. आजही रात्री आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि ते देणारं माणूस नसेल, तर नुसतं 'अंधश्रद्धा सोडा' म्हणायला मला तोंड नाही. डॉक्टर चिठ्ठी फेकतो, पेशंटला काय झालं ते सांगत नाही, तेव्हा तोही जाणत्याच्याच खाटेवर बसलेला असतो.

कायदा झाला, तोही सहज नाही झाला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हा त्यात गुन्हा आहे. देवाची पूजा, वारी, कीर्तन यांना त्यात हात लावलेला नाही. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण उलटं सांगणारे गावोगाव फिरतात.

ज्यांच्या पुण्यतिथीला आपण बसलो आहोत, ते शेंडगावचे, शाळेचं तोंड न पाहिलेले. कीर्तनात बाबा उपदेशापेक्षा प्रश्न जास्त विचारायचे आणि उत्तर समोरच्या शेतकऱ्याकडून काढून घ्यायचे. स्वतःच्या पाया पडू द्यायचे नाहीत. तो जाणता जिथे अडकला, ती जागाच त्यांनी आपल्याजवळ निर्माण होऊ दिली नाही. आजाऱ्याला औषधोपचार, असं त्यांनी सांगितलं आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. धर्मशाळा बांधली ती दवाखान्याच्या सावलीत.

साप चावला तर काय करायचं ते वाचनालयाच्या दारावर लावलं आहे, जाताना वाचा. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि १०८ ला फोन. गाडी यायला उशीर होणार असेल तर रात्री कोणाकोणाच्या जीप काढता येतील, ती यादीही खाली आहे. ज्यांना आपलं नाव घालायचं असेल त्यांनी घाला.

येत्या ३ मार्चला, फाल्गुन पौर्णिमेच्या दिवशी, चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला उगवेल. सव्वासहाच्या पुढं पूर्वेला नजर ठेवा. पावणेसातच्या सुमाराला ग्रहण सुटेल. दुर्बीण शाळेच्या मैदानात लावतो आहे. ज्यांच्या घरी दोन जिवांची बाई आहे, त्यांनी तिला बरोबर आणा. बसायला खुर्च्या असतील, आणि पाण्याचा माठ मी भरून ठेवतो.