मुखपृष्ठावर कुणाचं बडोदं?

[दांडिया बाजार. जेवणाच्या टेबलावर तीन रंगीत प्रिंट, शेजारी चष्म्याचं घर.]

काकूंच्या आठवणी लिहून झाल्या, डीटीपी झालं, प्रुफं दोनदा तपासून झाली. आता गाडी अडलीय मुखपृष्ठावर. पुस्तक स्वतःच्या खर्चानं काढायचं म्हटलं की प्रकाशक नसतो, आणि मग घरातला जो तो प्रकाशक होतो.

पहिलं कव्हर भाच्याचं. लक्ष्मी विलास पॅलेस, मागे निळंजांभळं आकाश. 1890 साली बांधून पूर्ण झालेला हा राजवाडा देखणा आहे, वादच नाही. बडोद्याबद्दल काहीही छापायचं निघालं की तो हजर असतो. पण काकू शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या दोनशे पानांत पॅलेस एकदाच येतो, मुलांच्या सहलीत, तोही फाटकाबाहेरून. शिवाय फोटो नेटवरून उतरवलेला. तो ज्यानं काढला, हक्क त्याचा. परवानगी घेतल्याशिवाय छापता येत नाही.

[रावपुरा. छापखाना.]

मालक गुजराती. प्रिंट उजेडात धरतात, मान हलवतात. "बेन, आ कलर आवो नहीं आवे."

खरं आहे. मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छापखान्यात असतात सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी शाई. असलं झगझगीत आकाश त्या चार शाईंत उतरत नाही, मळकट पडतं.

दुसरं कव्हर मुलीच्या आवडीचं: काकू-काकांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो. मूळ फोटो जेमतेम दोन इंच रुंद. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केला तर आडवे 1200 ठिपके मिळतात. आमचं पुस्तक डेमी आकाराचं, त्याच्या साडेपाच इंच रुंदीला 300 डीपीआयनं 1650 लागतात. स्कॅन आणखी वाढवला तर कागदाचे दाणेच मोठे होतात. मलपृष्ठावर छोटा करून मात्र तो छान बसेल. "आई, मागे?" मुलीचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "यांना मागेच राहायला आवडायचं."

[टाचणवहीचं पान, अगदी जवळून.]

तिसरं कव्हर शेजारच्या मुलीनं केलंय. ती फाइन आर्ट्सची. 1950 पासून एम. एस. युनिव्हर्सिटीची ही फॅकल्टी गावात आहे, त्यामुळे बडोद्याच्या गल्लीत चित्रकार शोधावा लागत नाही. तिनं काकूंची जुनी टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहायची वही, मागून घेतली. रेघी कागद, निळ्या शाईतलं ताठ अक्षर, समासात मुख्याध्यापकांची लाल सही आणि 'फळा कमी वापरला' असा शेरा. त्यावर ठळक अक्षरांत पुस्तकाचं नाव. आम्हाला विचाराल तर हेच. पॅलेस साऱ्या गावाचा आहे, हा शेरा एकट्या काकूंचा.

काकू मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. "तो शेरा अख्ख्या गावानं वाचायचा?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस घेतले. मग त्या हो म्हणाल्या, पण अट घातली: सही पुसायची, शेरा ठेवायचा.

पुढची कामं छापखान्याची. नावाची अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी त्यांचं चित्र बनवून, फाइल द्यायची, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. कडेनं तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायचा. वर मॅट लॅमिनेशन. स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची जाडी सगळ्यात शेवटी ठरते, कारण ती पानांवर अवलंबून; दोनशे पानं म्हणजे साधारण एक सेंटीमीटर.

पानं ठरलीत, असं काकूंच्या मुलीनं छापखान्यात कळवलंही होतं. काल काकूंनी त्या मुख्याध्यापकांवर नवं प्रकरण लिहायला घेतलं.