बोलायचं होतं कुचेरॉव्हबद्दल

(टोरांटोजवळच्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी एक खुलासा करतो. पत्रिकेत नुसतं 'हॉकीवर व्याख्यान' असं छापलंय. त्यामुळे दुसऱ्या रांगेतले आजोबा ध्यानचंदांवर ऐकायला आलेत, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. आजोबा, माफ करा. मी स्वतः खडकीचा. धनराज पिल्ले ज्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, तिच्या कुंपणाला लागून आमची शाळेची वाट. आमच्याकडे हॉकी म्हणजे माती, आणि पावसाळ्यात चिखल. बर्फावर स्केट घालून खेळतात त्यालाही हॉकीच म्हणतात, हे मला इथे आल्यावर कळलं. पहिला हिवाळा मी पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती काळी रबरी चकती, कुठे आहे हे शोधण्यात घालवला. सापडला तोवर मार्च उजाडला होता.

तर आजचा विषय. एनएचएल ही इथली बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग. तिच्या ऑल-स्टार सामन्याला, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या प्रदर्शनी सामन्याला, खेळाडू निवडायचा तो कशावर? सीझन बघून, की लोकांची आवड बघून? आणि उदाहरण म्हणून टँपा संघाच्या निकिता कुचेरॉव्हचा 2023-24चा सीझन. अध्यक्षांना मी चाळीस मिनिटांत संपवतो असा शब्द दिलाय. त्या हसतायत. त्यांना अनुभव आहे.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भरकटलो तरी हरकत नाही. ऑल-स्टार ही जत्रा आहे. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. सकाळी नारळावर पोरांच्या कुस्त्या होतात, संध्याकाळी मोठी जोड लागते, आणि मधे एखादा हौशी म्हातारा लांग कसून उतरला तर त्याच्यावरही लोक शिट्ट्या मारून पैसे उधळतात. तिथे कोणी 'याचा यंदाचा सराव किती?' असं विचारत नाही. सीझन ही वेगळी गोष्ट. ऑक्टोबर ते एप्रिल, ब्याऐंशी सामने. आपल्याकडे भांडणं होतात ती जत्रेचा तराजू सीझनला लावतो म्हणून. किंवा उलटं.

आता ही जत्रा सुरू कशी झाली ते ऐका, कारण ती आपल्याच गावात सुरू झाली. डिसेंबर 1933. बॉस्टनमध्ये सामना चालू होता. बॉस्टनच्या एडी शोर याने टोरांटोच्या एस बेलीला मागून धडक दिली आणि बेली डोक्यावर पडला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटीला तडा, मेंदूवर दोन शस्त्रक्रिया. जगतो की नाही अशी अवस्था. जगला, पण पुन्हा खेळला नाही. त्याच्या मदतीसाठी 14 फेब्रुवारी 1934ला मेपल लीफ गार्डन्समध्ये सामना ठेवला : एका बाजूला टोरांटो, दुसऱ्या बाजूला बाकीच्या संघांतले निवडक तारे. आणि त्या ताऱ्यांत कोण? एडी शोर! सामन्याआधी बेली साध्या कपड्यात बर्फावर आला आणि त्याने शोरचा हात हातात घेतला. सगळं गार्डन्स उभं राहिलं. आपण 7-3 जिंकलो. 'आपण' म्हणजे टोरांटो. मी तेव्हा नव्हतो, पण जिंकल्याच्या इतक्या कमी आठवणी आहेत की उसन्या घ्याव्या लागतात.

त्या गार्डन्समध्ये आता किराणा दुकान आहे, कार्लटन स्ट्रीटवर. पंचविसाव्या आयलमध्ये जमिनीवर एक लाल ठिपका आहे. रिंकचा मध्यबिंदू होता तो तिथे. डाउनटाउनला गेलो की मी तिथे जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, कोथिंबीर पलीकडे आहे.

असो. 1947पासून हा सामना दरवर्षाचा झाला आणि पुढे लोकांना मतं द्यायला सांगू लागले. आणि लोक म्हणजे कोण, हे आपल्याला सांगायला नको. 2005 साली टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अभिजीत सावंतसाठी आपण कसे एसेमेस पाठवले? सूर मोजून पाठवले का? आपला पोरगा आहे, पाठवा! तेच 2015मध्ये लाटव्हियाने केलं. वीस लाखांचा देश, आपल्या पुण्याहून लहान. त्यांचा झेम्गुस गिर्गेन्सन्स बफेलोकडून खेळत होता, आणि बफेलो त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये शेवटचा. लाटव्हियाने त्याला पंधरा लाखांहून जास्त मतं दिली. लीगमध्ये सर्वांत जास्त! त्याच्या मागे पाच जण, पाचही शिकागोचे. पत्रकार रागावले. मला विचाराल तर त्या वर्षीचं ते सगळ्यात सुंदर मतदान होतं.

शिवाय लीगचा नियम असा की प्रत्येक संघातला किमान एक खेळाडू हवा. हा तर आपला मंत्रिमंडळ विस्तार! विदर्भाला एक, कोकणाला एक, नाराजांना एक राज्यमंत्री. मग ज्या संघात घेण्यासारखं कोणी नाही त्यांचाही एक घ्यायचा, आणि जिथे चार चांगले आहेत तिथले दोन घरी बसतात. घरी बसलेल्यांचे चाहते दोन आठवडे जेवत नाहीत.

आता जॉन स्कॉट. ही गोष्ट मी याच व्यासपीठावर पूर्वी सांगितली आहे, असं चिटणीस खुणेने सांगतायत. सांगितली असेल. परत ऐका.

प्रत्येक संघ त्या काळी एक पैलवान बाळगायचा. त्याचं काम गोल करणं नव्हतं. आपल्या बारक्या, गुणी खेळाडूला कोणी धक्का दिला की जाऊन हातमोजे टाकायचे आणि ठोसे द्यायचे, घ्यायचे. जॉन स्कॉट हा असा पैलवान. सहा फूट आठ इंच, दोनशे साठ पौंड. वाढला कुठे? सेंट कॅथरिन्सला. नायगाराला पाहुणे घेऊन जाताना आपण ज्याच्या बाजूने जातो ते. शिवाय मेकॅनिकल इंजिनियर! हे ऐकून आपल्या सभागृहात नेहमी एक आदराची लहर जाते. गेली बघा. पण गोल किती? अख्ख्या कारकिर्दीत पाच. आणि 2015-16मध्ये ऍरिझोनाकडून अकरा सामने आणि एक असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेला पास.

दोन पत्रकारांनी पॉडकास्टमध्ये थट्टा केली, की याला ऑल-स्टारला पाठवू या. लोकांनी ती उचलून धरली. आमच्या घरातही उचलली, कबूल करतो. मुलगा तेव्हा शाळेत. त्याने स्वतःच्या, माझ्या, बायकोच्या आणि सांगलीला असलेल्या माझ्या सासूबाईंच्या ईमेलवरून मतं दिली. सासूबाईंना नंतर कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, 'माणूस चांगला आहे ना?' मंडळी, पत्रकारांच्या शेकडो लेखांत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

स्कॉट जिंकला. नुसता संघात नाही, पॅसिफिक विभागाचा कर्णधार! आणि लीगची तारांबळ उडाली. त्याला सांगण्यात आलं, तू स्वतःहून माघार घे. तो नाही म्हणाला. पुढे त्याने स्वतः लिहिलंय, की लीगच्या एका माणसाने त्याला विचारलं : तुझ्या मुलींना याचा अभिमान वाटेल का? बापाला असं विचारायचं असतं का हो? मग 15 जानेवारी 2016ला त्याची अदलाबदल झाली. ऍरिझोनाहून मॉन्ट्रियलला, आणि मॉन्ट्रियलने त्याला थेट खालच्या लीगमध्ये धाडलं, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला. वाळवंटातून थेट अटलांटिकच्या टोकाला, ऐन जानेवारीत. बायको जुळ्यांची आई होणार होती. आता तो ना ऍरिझोनाचा, ना पॅसिफिकचा, ना एनएचएलचा. कोणी म्हणतं हा निव्वळ योगायोग. मी सरकारी वसाहतीत वाढलोय. बदली कधी योगायोगाने होते आणि कधी नाही, हे मला वासावरून कळतं.

लोक खवळले. लीगने शेवटी मान्य केलं, खेळू द्या. 31 जानेवारी, नॅशव्हिल. त्या वर्षी पहिल्यांदाच तिघांविरुद्ध तिघे असा प्रकार होता, चार विभागांचे चार संघ, जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर. अशा मोकळ्या बर्फावर वेग लागतो, आणि आपला पैलवान म्हणजे घाटात चढणारा ट्रक. सगळ्यांना वाटलं, आता हसं होणार. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला. मी सोफ्यावरून उठलो. थोड्या वेळाने एकटाच पक घेऊन सुटला आणि दुसरा! दोन गोल, ज्याचे आयुष्यात पाच. मधेच त्याने पॅट्रिक केनशी लुटुपुटीची मारामारीही केली, हातमोजे टाकून. त्याच्या पोटापाण्याची थट्टा झाली होती ना? त्याने ती स्वतःच करून दाखवली. अंतिम सामना त्याच्या संघाने 1-0 जिंकला.

पण थांबा. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला लीगने लोकांपुढे तीन नावं ठेवली. त्यात स्कॉट नाही! अंगावर शहारा येतो बघा. सगळं स्टेडियम 'एमव्हीपी, एमव्हीपी' ओरडतंय आणि यादीत नाव नाही. लोकांनी हाताने त्याचं नाव लिहून पाठवलं. तो निवडून आला. त्याला मोटारगाडी मिळाली. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. दोनशे साठ पौंड! गुलाल तेवढा नव्हता. त्याचं हेल्मेट पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलं, इथे फ्रंट स्ट्रीटवर. आणि लीगने पुढच्या वर्षी नियम केला, की खालच्या लीगमध्ये पाठवलेला खेळाडू मतदानाला पात्र नाही. म्हणजे तुम्ही मतपेटी ठेवता, आणि निकाल आवडला नाही की मतदारयादी सुधारता. हे कुठे पाहिलंय? आपल्याच मंडळात काही वर्षांपूर्वी 'वर्षाचा कार्यकर्ता' मतदानाने निवडायचं ठरलं. मतं मोजून झाल्यावर समिती म्हणाली, मतदान हे फक्त सूचक होतं. मी कोणाचं नाव घेत नाही. मला एकेचाळीस मतं होती एवढंच सांगतो.

(हशा.)

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' अरे, अजून कुचेरॉव्ह बर्फावर उतरलेला नाही.

बरं, भरभर. फेब्रुवारी 2024, ऑल-स्टार टोरांटोला. लोकांनी मतं देऊन व्हँकुव्हरचे चार आणि आपले तीन पाठवले होते, त्यावर भांडणं झालीच, सोडून देतो. आदल्या दिवशी कौशल्यांची स्पर्धा. एडमंटनचा तारा कॉनर मॅकडेव्हिड याच्या सल्ल्याने नव्याने आखलेली, बारा खेळाडू, दहा लाख डॉलर. तीत कुचेरॉव्ह रमतगमत खेळला. पक ढकलल्यासारखा करत होता, बर्फावर फिरायला आल्यासारखा. आपल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मी तिकडे होतो. मीही उडवली. त्यात मला चूक वाटत नाही. जत्रेत उतरलास तर शड्डू ठोक. तिकिटाचे पैसे मोजलेत.

चूक पुढे झाली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ऑफिसात, आगगाडीत, या सभागृहाच्या पार्किंगमध्ये लोक म्हणू लागले, की याला खेळाची कदर नाही, हा कसला लीगमधला सर्वोत्तम! म्हणजे एका संध्याकाळची जत्रा उचलून सहा महिन्यांच्या सीझनवर ठेवली. स्कॉटच्या वेळी उलटं केलं होतं : त्याचा सीझन नाही म्हणून त्याला जत्रेत येऊ नको म्हणाले.

सीझन बघा. कुचेरॉव्ह : 44 गोल, 100 असिस्ट, दोन्ही मिळून 144 पॉइंट, लीगमध्ये पहिला. कोलोराडोचा नेथन मॅकिनन : 51 गोल, 89 असिस्ट, 140. एका सीझनमध्ये शंभर असिस्ट आजवर पाचच जणांनी केले : ऑर, ग्रेट्झ्की, लेम्यू, आणि त्या एकाच वर्षी मॅकडेव्हिड आणि कुचेरॉव्ह. आता 'सर्वांत मोलाचा' म्हणजे काय? तो काढला तर संघाचं काय उरतं. मॅकिननच्या शेजारी रँटानेन 104 पॉइंट घेऊन उभा होता, मागे मकार 90. कुचेरॉव्हच्या टँपामध्ये दुसरा ब्रेडन पॉइंट, 90, म्हणजे चोपन्नचं अंतर. टँपाच्या जवळजवळ निम्म्या गोलांत याचा हात. हार्ट ट्रॉफी, म्हणजे पत्रकारांच्या मतांनी सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळते ती, मॅकिननला गेली, आणि मॅकिननबद्दल माझी तक्रार नाही. तो धावतो तेव्हा बर्फ घाबरतो. पण माझं मत कुचेरॉव्हला होतं, आणि ते मत देणाऱ्या पत्रकारांपैकी मी नाही, ही लीगची आणखी एक चूक.

यावर 'मग ऑल-स्टारला पत्रकारांनीच निवडावं का?' असा प्रश्न येणार. नाही. सीझनचं माप पत्रकारांना घेऊ द्या, त्यासाठी ट्रॉफ्या आहेत. जत्रा लोकांची, तिथे लोकांचंच चालू द्या, संघागणिक एकाची अटही काढा. 2025मध्ये तर लीगने जत्राच गुंडाळली आणि चार देशांची स्पर्धा भरवली. मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या. जॉन स्कॉट घरी बसून काय म्हणाला असेल!

'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी आहे, आणि मागून बटाटेवड्यांचा वास आहे. शेवटचं सांगतो. त्या सीझनच्या अखेरच्या सामन्याला कुचेरॉव्ह नव्व्याण्णव असिस्टवर होता. 17 एप्रिल, टँपा. समोर कोण? आपले टोरांटोवाले. हुर्यो उडवणारे आपणच ना? शंभरावा असिस्ट त्याने आपल्याच नाकावर टिच्चून केला आणि सामनाही घेऊन गेला. टँपातलं सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आमच्या दिवाणखान्यातही एक जण उभा राहून टाळ्या वाजवत होता. मुलाने टीव्हीचा रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, 'बाबा, तुम्ही नक्की कुणाकडून?'

आजोबा, तुम्ही हात वर केलाय. ध्यानचंदांवर असेल तर वडे खाताना बोलू.