झडीत खिडकी का गळते? चौकट बसवण्याआधी करायची कामं

[टेबलावर स्लायडिंग खिडकीची रिकामी चौकट]

नमस्कार. जुलैची झड, वारा थेट खिडकीवर, आणि चार दिवसांत खिडकीखालच्या भिंतीवर ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात. सोसायटीतला सल्ला ठरलेला असतो, "बाहेरून सिलिकॉन मारून घ्या." पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. झडीचं थोडं पाणी चौकटीपर्यंत येणारच. ते परत बाहेर कसं जाईल, हे चौकट बसायच्या आधी ठरवावं लागतं. आज फक्त ॲल्युमिनियमची स्लायडिंग आणि विटांची किंवा ब्लॉकची भिंत.

आधी एक हिशेब, सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. आला दाब पास्कलमध्ये. ताशी 72 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 20 मीटर, दाब 240 पास्कल. 1 मिलिमीटर उंचीचं पाणी साधारण 10 पास्कल पेलतं. म्हणजे हा वारा ट्रॅकमधलं, पल्ले सरकतात त्या खालच्या पन्हळीतलं, पाणी 24 मिलिमीटर वर चढवून धरतो.

[ट्रॅकच्या आतल्या उभ्या कडेला पट्टी लावून]

ही कड 20 मिलिमीटरची असेल तर पाणी घरात सांडणार, मग सिलिकॉन कुठेही मारा. आणि मुंबईत इमारतीच्या डिझाइनला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, 20 नाही. कोटेशन मागताना काचेची जाडी सगळे विचारतात, ही उंची कुणी विचारत नाही. वरच्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड असेल तर कडेची उंची 40 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

आता सिल, म्हणजे खिडकीच्या तळाचा दगड. निम्मी गळती इथेच जन्माला येते. आपल्याकडे ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा एकच सपाट दगड आतून बाहेरपर्यंत टाकतात आणि त्याच्यावर ट्रॅक ठेवतात. ट्रॅकखाली झिरपलेल्या पाण्याला मग आत-बाहेर दोन्ही रस्ते मोकळे, आणि वारा आत ढकलत असतो. दगड दोन घ्या. आतला वर, बाहेरचा 20 मिलिमीटर खाली. चौकट बाहेरच्या दगडावर बसते, तिची पाठ आतल्या दगडाच्या कडेला येते. पाण्याला आत जायचं तर पायरी चढावी लागेल.

बाहेरच्या दगडाला उतार हवा, 150 मिलिमीटर रुंदीला 10 तरी. "मग चौकट तिरकी बसेल," असं मिस्त्री म्हणेल. नाही बसणार. खाली प्लास्टिकचे पॅकर, म्हणजे टेकूचे तुकडे, द्या आणि पाणसळ लावून चौकट सपाट करा. पॅकरमधल्या फटीतूनच पाणी बाहेर जातं, म्हणून ती फट सिमेंटने भरायची नाही.

दगड टाकण्याआधी खालच्या बांधकामावर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग लेपाचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तो 150 मिलिमीटर वर चढवा, मागे पायरीवरही न्या. कोपऱ्यात जाळी दाबा, नाहीतर तडा तिथेच जातो.

बाहेरचा दगड गिलाव्याच्या पुढे 40 मिलिमीटर काढा. त्याच्या पोटाला, कडेपासून 15 ते 20 आत, 10 मिलिमीटर रुंद खाच मारून घ्या. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं. खाच असली की तिथून पागोळीसारखं सुटून पडतं. सिलची टोकं दोन्हीकडे भिंतीत 50 मिलिमीटर घाला आणि जॅम्बचे, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंचे, दगड सिलवर उभे करा. सिल दोन जॅम्बच्या मध्ये अडकवली की उभं उतरणारं पाणी नेमकं सांध्यात शिरतं.

छज्ज्याचं थोडक्यात. वर उतार, भिंतीशी जुळतो तिथे गोल वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर कोपरा, खाली खाच.

चौकट बसवताना स्क्रू बाजूंना आणि वर मारा. कोपऱ्यापासून 150 मिलिमीटरवर पहिला, पुढे जास्तीत जास्त 600 अंतराने. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारू देऊ नका. ट्रॅकमध्ये पाणी साचतं आणि तुम्ही त्याच्या तळाला भोक पाडलेलं असतं. चारही बाजूंना 6 ते 10 मिलिमीटर फट ठेवा. 2.4 मीटरची ॲल्युमिनियम चौकट 30 अंशांच्या फरकाने सुमारे 1.7 मिलिमीटर वाढते. फट सिमेंटने भरली तर केसासारखी भेग पडणारच, शिवाय ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं.

चौकटीचे खालचे दोन कोपरे बघा. ट्रॅक कापून उभ्या सेक्शनला स्क्रूने जोडलेला असतो, मध्ये सीलंट नसेल तर तिथून थेंब थेंब गळतं आणि दोष भिंतीवर जातो. वर्कशॉपमध्येच वीप होलला, म्हणजे ट्रॅकमधलं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांना, टेप लावा, ट्रॅक पाण्याने भरा, 15 मिनिटं थांबा.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिमेंटला नीट धरत नाही. फटीत आधी फोमची दोरी, फटीच्या सव्वापट जाडीची. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं, ताणलं की फाटतं. आतून चारही बाजूंनी सील अखंड हवं. वारा आत येऊ शकला नाही तर पाण्याला ढकलणारा जोर कमी होतो. बाहेरून वर आणि बाजूंना सील करा, खालची कड आणि वीप होल मोकळे सोडा. उत्साहात खालीही पट्टी ओढली तर आत आलेलं पाणी तिथेच कोंडतं.

[पाइप हातात]

शेवटी पाणी मारून बघा, पण वरून सुरुवात करू नका. वरून मारलं की सगळं एकदमच भिजतं, मग गळतंय कुठून हे कळत नाही. आधी सिलवर 10 मिनिटं, मग खालचे कोपरे, मग जॅम्ब, शेवटी वरची कड. आत एक जण बॅटरी घेऊन बसलेला असावा. आतल्या पुट्टीच्या आधी हे करा, आणि फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवा.