दोनशे ग्रॅमचं विमान

(दृश्य: मोकळं मैदान, सकाळची वेळ. फोमचं विमान नाक आभाळाकडे करून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर जागच्या जागी थांबलेलं.)

पंख हवा कापत पुढे जातात, म्हणून विमान वर राहतं, असं आपण शाळेत शिकलो. रिमोटवर उडणारं हे छोटं विमान मात्र या घडीला पुढे जातच नाहीये. ते स्वतःच्या प्रॉपेलरला लटकलंय. प्रॉपेलरने मागे फेकलेला झोत थेट शेपटीवर पडतोय आणि त्या झोतात रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा भाग) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा आडवा भाग) क्षणाक्षणाला विमानाचा तोल सावरतायत. विमानाचं वजन साधारण २०० ग्रॅम. मोटरची ओढ ३५० ग्रॅमच्या वर. ओढ वजनाहून जास्त असली की तरंगायला वेग लागत नाही, आणि मग हे विमान अशा कसरती करतं ज्या माणूस बसलेल्या विमानाला सहसा झेपत नाहीत.

पण हा हिशेब आकाशात जुळत नाही. तो घरातल्या टेबलावर, ग्रॅम ग्रॅम मोजून जुळवावा लागतो.

(दृश्य: टेबल. फोमची शीट, स्टीलची पट्टी, गुण्या, कटर, कार्बन फायबरच्या काड्या.)

ही शीट ईपीपीची, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिप्रॉपिलीनची. बोटाने दाबली तर दबते आणि परत वर येते. दिसायला थर्माकोलची बहीण, पण रसायन वेगळं. गणपतीचं मखर ज्यांनी स्वतःच्या हाताने कापलंय, त्यांना ठाऊक असेल की थर्माकोलवर फेविक्विकचा थेंब पडला की तिथे भोक पडतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि तो डिंक त्याला खाऊन टाकतो. ईपीपीला तो काही करत नाही. डेप्रॉन नावाची आणखी एक शीट असते. युरोपात ती घराच्या भिंतींना आणि जमिनीखाली घालायला विकायची, तिथून ती विमानं करणाऱ्यांच्या हाती लागली. डेप्रॉन कडक आणि गुळगुळीत, विमान देखणं होतं. पण तेही पॉलिस्टायरीनच, शिवाय आपटलं की काडकन मोडतं. पहिलं विमान करणाऱ्याने ईपीपीच घ्यावं, हे आमचं ठाम मत आहे.

आराखडा याक-५५ चा. हे खरं विमान १९८१ साली सोव्हिएत संघात पहिल्यांदा उडालं, केवळ कसरतींसाठी बांधलेलं, एका माणसाचं, ३६० अश्वशक्तीच्या इंजिनाचं. त्याचा पंख धडाच्या मधोमध आणि वरून-खालून सारखाच, त्यामुळे उलटं उडतानाही ते जवळपास तसंच वागतं. खऱ्या याकचा पंख टोकापासून टोकापर्यंत आठ मीटरहून थोडा मोठा, आपला ८० सेंटिमीटर. इथे पंखाला फुगीर आकारही नाही. सहा मिलिमीटरची सपाट शीट, बस्स. मंद वेगात, एवढ्या ओढीच्या मोटरपुढे, सपाट पाटीसुद्धा उत्तम उडते.

(दृश्य: कटरची पाती पट्टीला लागून सरकते.)

कापताना पाती नवी हवी. बोथट पाती फोमचे दाणे उपटते आणि कड खरबरीत होते. पट्टीवर दाब हवा, पातीवर नको. एका दमात आरपार जाण्यापेक्षा हलके दोन-तीन हात फिरवलेले बरे.

आता बिजागरी. इथे घाई करू नये. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमानाला कुशीवर वळवणारे भाग), एलेव्हेटर आणि रडर हे तिन्ही फिरणारे भाग या विमानात अवाढव्य असतात आणि दोन्ही बाजूंना ४५ अंशांपेक्षाही जास्त वळावे लागतात. म्हणून त्या भागाची कड तिरकी छाटायची. पाती कलती धरून एकसलग छेद घ्यायचा, म्हणजे कडेला पाचर तयार होते आणि वळताना फोम फोमावर अडत नाही. मग दोन्ही तुकडे एकमेकांना लावून वरून पारदर्शक टेप चिकटवायची, भाग पूर्ण मागे दुमडायचा आणि आतल्या कडेलाही टेपची एक पट्टी द्यायची. शेवटी विमान उभं धरून पाहायचं. फिरणारा भाग स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच अडकला तर टेप काढून पुन्हा लावायची. अडखळणारी बिजागरी छोट्या सर्व्होला, म्हणजे हे भाग हलवणाऱ्या इवल्या मोटरला, दमवते, आणि मग रिमोटची काठी मध्यावर सोडली तरी रडर नेमका मध्यावर येत नाही.

(दृश्य: कार्बनची पट्टी पंखाच्या खाचेत बसते.)

या टप्प्यापर्यंत विमान म्हणजे लिबलिबीत कागद. पंख एका टोकाला धरला तर दुसरं टोक खाली लोंबतं. त्यात जीव येतो तो कार्बनमुळे. पंखात लांबीभर खाच पाडून तीन मिलिमीटर रुंदीची कार्बनची पट्टी उभी बसवतात, आडवी नाही. उभी पट्टी वाकायला फार जोर लागतो. आडवी तीच पट्टी सहज वाकते. त्यानंतर मिलिमीटरभर जाडीच्या काड्या: पंखातून धडाच्या तळाला, शेपटीच्या टोकापासून धडाला. प्रत्येक काडी एक त्रिकोण पुरा करते. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पतंगाच्या कागदाला कामट्या जे देतात, तेच इथे कार्बन देतो. सगळ्या काड्या मिळून १०-१२ ग्रॅम भरतात आणि त्यानंतर पंख हाताने पिळायला गेलात तरी पिळला जात नाही. या अख्ख्या विमानातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं काम हेच आहे. रंगाखाली, चित्रांखाली ते दिसतही नाही.

कार्बनची काडी पकडीने तोडायची नाही. तंतू चिरडतात आणि टोक फाटतं. बारीक कानशीने सभोवार खाच करून अलगद मोडायची. भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क, खाली ओला कपडा.

काड्यांना डिंकाचा थेंब देण्याआधी विमान सरळ आहे ना, हे तपासावंच लागतं. दोऱ्याने पंखाच्या डाव्या टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, मग उजव्या टोकापासून. दोन्ही सारखी हवीत. मागून एक डोळा मिटून पाहिलं तर शेपूट पंखाशी समांतर दिसली पाहिजे. डिंक सुकल्यावर हा वाकडेपणा निघत नाही. मग रिमोटवर कितीही सुधारणा केल्या तरी सरळ वर जाणारं विमान हळूहळू एका बाजूला झुकतं.

मोटर, तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, नऊ-नऊ ग्रॅमचे तीन सर्व्हो यांची बसवणी सोपी आहे. दोन गोष्टी मात्र विसरायच्या नाहीत. मोटर अगदी सरळ बसवायची नाही. किंचित, दोन-एक अंश, उजवीकडे कलती ठेवायची, कारण फिरणारा प्रॉपेलर नाक डावीकडे ओढतो. आणि रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या काडीला चिकटवायची नाही. कार्बनमधून वीज वाहते, त्याच्या आडोशाला सिग्नल दबतो.

(दृश्य: डिजिटल काटा. एकेक भाग काट्यावर.)

फोम ५५ ग्रॅम. सर्व्हो मिळून २७. मोटर २८. तीन सेलची ४५० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ४२. उरलेलं सगळं, म्हणजे कार्बन, तारा, डिंक, प्रॉपेलर धरून, ४८ ग्रॅमच्या आसपास. बेरीज २०० ग्रॅम. रंगाचा एक जाडसर थर यात सहज दहा ग्रॅम घालतो, आणि तेही बऱ्याचदा शेपटीकडे, जिथे वजन सर्वांत जास्त सलतं. म्हणून रंग शाईच्या मार्करने, पातळ.

जागतिक पातळीवर एफथ्रीपी नावाचा प्रकार आहे. त्यात बंद हॉलमध्ये, संगीताच्या तालावरही, अशीच विमानं उडवतात. त्यांचं वजन शंभर ग्रॅमच्याही कितीतरी खाली असतं, आणि अनेकांवर एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन प्रॉपेलर असतात.

भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो गटात मोडतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तरी उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात, आहे का, हे पाहायचं. माणसं नसलेलं मैदान निवडायचं. आणि वारा पडलेला असतानाच जायचं, म्हणजे पहाटे किंवा सूर्य मावळताना.

(दृश्य: दोन बोटांवर तोललेलं विमान.)

पंखाच्या रुंदीचा, पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश. तिथे बोटं टेकवून विमान आडवं राहिलं पाहिजे. नाक जड वाटलं तर बॅटरी मागे सरकवायची. पहिल्या उड्डाणात विमान उलटं करून पाहायचं: नाक फार खाली बसत असेल तर बॅटरी अजून थोडी मागे.

(दृश्य: मैदान. विमान उभं लटकलेलं, हळूहळू स्वतःभोवती फिरू लागतं.)

हा टॉर्क रोल. प्रॉपेलर एकीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला उलट दिशेने फिरवते. चालवणारा ते फिरू देतो, फक्त नाक आभाळाकडे धरून ठेवतो. विमानाची पाठ आपल्याकडे असते तोवर रडर सरळ असतो: डावीकडे दिला की नाक आपल्या डावीकडे. पण विमान अर्धं फिरून पोट समोर आलं की तोच रडर उलटा होतो. हात हे विचार करून करू शकत नाहीत, तेवढा वेळच नसतो. ते सरावानेच मुरतं, आणि तोवर सिम्युलेटरवरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या सरावाचे, तास फुकट जात नाहीत.

(दृश्य: विमान तिरकं होऊन गवतात नाकावर पडतं.)

पोट समोर होतं. रडर उलटा पडला.

प्रॉपेलर रबरी रिंगने मोटरवर बांधलेला होता. तो निसटला, तुटला नाही. नाकाच्या फोमला एक चीर, तेवढंच. डिंकाचे दोन थेंब, अर्धा मिनिट दाबून धरायचं. तोवर दुसरी बॅटरी लागते: १२.६ व्होल्ट, पूर्ण भरलेली, पाच-सहा मिनिटांची.

या खेपेला पाठ समोर असतानाच जरा जास्त वेळ धरायचं आहे.