चारशे काचा फोडणारा फोटोग्राफर

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. आपल्या गावाला फोटोचा नाद जुना हो, लाला दीनदयाळ इथेच पीडब्ल्यूडीत ड्रॉइंगचं काम करायचे, 1874च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले आणि तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. आज ज्याच्याबद्दल सांगणारे तोही काचवालाच, फ्रँक हर्ली, सिडनीचा, जन्म 1885. तेराव्या वर्षी घरातून पळाला, सतराव्या वर्षी हप्त्यावर कोडॅक घेतला (हप्त्याचं खूळ तेव्हाही होतंच), आणि 1914ला ब्रिटिश मोहिमेचा म्होरक्या शॅकल्टनबरोबर 'एन्ड्युरन्स' जहाजातून थेट अंटार्क्टिका!

जानेवारी 1915मध्ये जहाज बर्फात अडकलं ते अडकलंच. ऑगस्टच्या अंधारात या पठ्ठ्याने जहाजाभोवती वीसेक ठिकाणी फ्लॅश उडवून एक फोटो काढला, डोळे एवढे दिपले की परतताना धडपडत, बर्फात रुतत आला. ऑक्टोबरात बर्फाने जहाज पार चिरडलं आणि काचेचे निगेटिव्ह राहिले आत, पाण्याखाली. हर्लीसाहेबांनी कपडे उतरवले आणि त्या गारठ्यात बुडी मारली! डबे झाळून बंद केलेले होते म्हणून काचा वाचल्या.

पण मला विचाराल तर खरी छाती पुढेच लागली. सामान कमी करायचं होतं, काचा जड, मग हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक प्लेट बघायला लागले, साधारण 120 ठेवल्या आणि चारशेच्या आसपास तिथेच फोडल्या, का तर नंतर मन पालटायला नको. आपल्याच्याने फोनमधला एक गुड मॉर्निंगवाला फोटो डिलीट होत नाही!

मोठे कॅमेरेही तिथेच सोडले, हातात राहिला खिशातला छोटा कोडॅक आणि तीन रोल. पुढे होड्यांतून गाठलेल्या एलिफंट बेटावर 22 माणसं ऑगस्ट 1916पर्यंत अडकून होती, तिथले फोटो त्यावरचेच.

आता माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता बरं का. 1917ला पहिल्या महायुद्धावर फोटो काढायला गेला तर दोन-तीन निगेटिव्ह जोडून एकच भारी सीन करायचा, त्यावरून इतिहासकार चार्ल्स बीनशी चांगलंच वाजलं. आणि त्या बेटावरचा सुटकेचा म्हणून गाजलेला फोटो आहे ना, किनाऱ्यावर सगळे हात हलवताहेत, तो सुटकेचा नाहीच मुळी! मदत आणायला शॅकल्टन बोटीतून निघाला तेव्हाचा, एप्रिलमधला आहे, नंतर त्यात फेरफार केलाय. म्हणजे माणसं निरोप देताहेत आणि जग समजतंय स्वागत चाललंय.