पाटीवरचा लाल दोन

[दृश्य: खडेबाजार, सकाळची वेळ. जुन्या दुकानाची पाटी, अगदी जवळून.]

पाटी नीट बघा. फोन नंबराचे सहा आकडे पिवळ्या रंगात, एका ओळीत. त्यांच्या आधी, चौकटीला चिकटून, लाल रंगातला 2. बेळगावचे लँडलाइन नंबर सहा आकड्यांवरून सातांवर गेले तेव्हा पेंटरनं सगळी पाटी पुसली नाही. मोकळी जागा दिसली तिथं दोन बसवला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, असंच एक काम झालंय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: टिळकवाडीतली कॉम्प्युटर लॅब.]

आपल्या सीमाभागात एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि बँकेत इंग्रजीत. तिन्हींचा मेळ घालताना माणूस मेटाकुटीला येतो. कर्नलला मात्र नावाशी देणंघेणं नाही. तो ओळखतो फक्त नंबर, म्हणजे युजर आयडी. पासवर्ड फाइलमधून एखाद्या मुलीची ओळ काढून टाका आणि तिच्या फाइलींची यादी मागवा. नावाच्या जागी 1042 दिसेल. फाइली आहेत, मालकीही आहे, नाव तेवढं गेलं.

म्हणूनच पास होऊन गेलेल्या पोराचा नंबर नव्या पोराला देऊ नये. दिलात तर डिस्कवर राहिलेल्या जुन्याच्या फाइली आपोआप नव्याच्या होतात. दरवर्षी नवे नंबर काढावे लागतात, आणि लिनक्समध्ये त्यांच्यासाठी जागा होती 16 बिटांची, 0 पासून 65535 पर्यंत. घरच्या मशीनला ती जन्मभर पुरते, मोठ्या विद्यापीठाला नाही.

जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 कर्नलनं ही जागा 32 बिटांची केली. नंबर 429 कोटींच्या पुढं गेले.

[दृश्य: कागदावर पेन्सिलनं काढलेल्या 128 बाइटांच्या चौकोनांची पट्टी.]

पण आधीचे नंबर डिस्कवर लिहून बसलेले होते, त्यांचं काय? एक्स्ट-टू ही डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची एक पद्धत. तिच्यात दर फाइलीमागं 128 बाइटांचा एक आयनोड, म्हणजे फाइलीच्या माहितीची नोंद असते. त्यात मालकासाठी दोनच बाइट, म्हणजे 16 बिट, आणि दोन्ही बाजूंना दुसरी माहिती खेटून बसलेली. तिथंच जागा ताणली असती तर सगळी रचना सरकली असती आणि जुन्या डिस्का वाचता आल्या नसत्या. म्हणून खालचे 16 बिट होते तिथंच, सुरुवातीला, ठेवले. वरचे 16 नेऊन ठेवले पार शेवटाकडं, 120 व्या बाइटपाशी, राखून ठेवलेल्या रिकाम्या जागेत. नंबर एकच, मुक्काम दोन ठिकाणी.

खरी जोखीम होती जुन्या प्रोग्रॅमांची. ते 16 बिटांतच विचारणार. समजा एखाद्या पोरीचा नंबर 65536 आहे. त्याचे खालचे 16 बिट घेतले की उरतो 0. आणि 0 म्हणजे रूट, सगळ्या मशीनचा मालक! पहिल्या वर्षाच्या मुलीला जुना प्रोग्रॅम रूट समजून बसला असता. ते होऊ नये म्हणून कर्नल मोठा नंबर कापत नाही. त्याऐवजी जुन्या प्रोग्रॅमच्या हाती 65534 ठेवतो. हा ठरवून राखलेला आकडा, कुठलेच खास अधिकार नसलेला. प्रोग्रॅमांनी कर्नलला नंबर विचारायची जुनी दारं उघडीच राहिली, शेजारी 32 बिटांची नवी बसवली. ज्यानं हा विचार केला त्याला माझा मनापासून नमस्कार.

[दृश्य: उद्यमबाग, रात्र. सर्व्हरचा दिवा लुकलुकतोय.]

तरी एका ठिकाणी रुंदी वाढवून भागत नाही. इथल्या एका कारखान्यात बॅकअप लावायचं काम माझ्याकडं होतं. तिथल्या लॉगिन सर्व्हरनं कामगारांना कोटींच्या घरातले युजर आयडी दिलेले. पहिल्याच रात्री बॅकअप अडला. पडद्यावर एक मर्यादा दिसली, 2097151. हा आकडा कर्नलचा नव्हे, टारचा, म्हणजे बॅकअपसाठी फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमचा. मी निवडलेल्या जुन्या यूस्टार फॉरमॅटमध्ये मालकाचा नंबर सात अष्टमान (0 ते 7 एवढ्याच) अंकांत लिहितात, आणि त्यात याहून मोठा आकडा मावतच नाही. चूक माझीच होती. कर्नल बदलून इतकी वर्षं झाली, आता सगळं रुंद असेल असं मी धरून चाललो होतो.

फॉरमॅट बदलून पॅक्स केला. तो मोठा नंबर जास्तीच्या नोंदीत वेगळा लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी उघडली, तेव्हा नऊ आकडी मालक जिथल्या तिथं होते.

[दृश्य: पुन्हा खडेबाजार. शटर वर जातं. वर पाटी, पाटीवर लाल 2.]