घोड्याआधी बातमी पोचली पाहिजे

(सोलापुरात अश्वपालकांसमोर एका पशुवैद्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या घोडेवाल्यांत बातमी किती वेगानं फिरते हे मी तुम्हाला सांगायला नको. अकलूजच्या बाजारात एखाद्या मारवाडी शिंगराला चढी किंमत आली, की दिवस मावळायच्या आत ती सांगोला, मंगळवेढा, बार्शी सगळीकडं पोचलेली असते. नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र घोडा, कोणी घेतला, कोणाची घोडी कुठल्या घोड्याला दाखवली, सगळं फोटोसकट मोबाइलवर येतं. पण ‘माझ्या घोडीला ताप आहे, नाकातून पू येतोय, चार आठवडे आपली जनावरं इकडं आणू नका’ असा निरोप मी माझ्या सबंध नोकरीत फार क्वचित पाहिला. आज मला त्याच न फिरणाऱ्या बातमीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या बाजारांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमाराला अकलूज. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला जनावरांचा बाजार, त्याच दिवसांत तिकडं राजस्थानात पुष्कर. मग दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा, आणि मार्गशीर्ष सरता सरता नांदेडकडचं माळेगाव, खंडोबाची यात्रा. व्यापारी बहुतेक तेच, गाड्या त्याच, आणि न विकली गेलेली जनावरंही तीच. आता स्ट्रँगल्स नावाचा आजार घ्या, ताप, नाकातून पू आणि जबड्याखाली पिकणाऱ्या गाठी आणणारा, एका घोड्याकडून दुसऱ्याला लागणारा. जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला ३ ते १४ दिवस लागतात. म्हणजे एका बाजारात लागण झालेला घोडा तिथून निघताना अगदी ठणठणीत दिसतो आणि आजारी पडतो तो पुढच्या बाजारात, नाहीतर तुमच्या दावणीला. यात्रांचं पंचांग आणि या रोगाचं पंचांग एकमेकांत इतकं चपखल बसतं, की मला दर दिवाळीला धास्ती वाटते.

एक घोडी सांगतो. मालक बाजारातून घेऊन आला होता, चार पांढरे पाय आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, आणि भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं, शुभ. त्यानं भोवरे बारकाईनं तपासले होते, दात उघडून वय पाहिलं होतं, दुडक्या चालीनं पळवून पाहिली होती. मी गेलो तेव्हा ती मान पुढं ताणून उभी होती. तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तशीच पडलेली. पाण्याच्या बादलीत तोंड घालायची, एक घोट घ्यायची आणि तो नाकातून परत यायचा. जबड्याखाली हात घातला तर दोन्ही बाजूंच्या गाठी कढत, टणक. मालक म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, थंडी बाधली असंल.’ थंडी नव्हती, स्ट्रँगल्स होता. त्या गाठी पिकून फुटल्या, घोडी वाचली. पण तोवर त्याच बादलीतून शेजारच्या दोन घोड्यांनी पाणी प्यायलं होतं, आणि त्या दोघांनाही तो आजार झाला. विकणाऱ्याला हे ठाऊक असणार असं मला वाटतं, कारण घोडीला विकण्याआधी ताप उतरवायचं इंजेक्शन दिलेलं असावं. असल्या इंजेक्शननं ताप झाकला जातो, रोग तिथंच राहतो. आणि बरा झालेला घोडासुद्धा पुढं कित्येक आठवडे जंतू सोडत राहतो, काही तर गळ्यातल्या पोकळ्यांत महिनोन्‌महिने ते बाळगतात.

स्ट्रँगल्समधून घोडा बहुतेक वेळा उठतो. ग्लँडर्स नावाच्या दुसऱ्या आजारातून उठत नाही. नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, पायाच्या आतल्या बाजूनं ओळीनं गाठी. यावर लस नाही. हा माणसालाही होतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. संशय आला की रक्त तपासायला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातं, आणि पक्कं झालं तर २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांबद्दलच्या कायद्याप्रमाणं घोड्याला शांतपणे मृत्यू द्यावा लागतो. आसपासच्या घोड्यांची ने-आण थांबते, बाजार थांबतात. आता यात मालक का लपवतो, हे मला पुरतं समजतं. सरकारी भरपाई मिळते, पण लाखात घेतलेल्या घोड्यापुढं ती फार तोकडी आहे. भरपाई वाढली पाहिजे ही मागणी मी आजवर लावून धरली आहे आणि पुढंही धरीन. पण तोवर लपवणं चालू ठेवायचं, हे मला मान्य नाही. घोड्याला घासून खरारा करणारं तुमच्याच घरातलं पोर रोज त्या नाकपुडीशी श्वास घेत असतं.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे थर्मामीटर. निरोगी मोठ्या घोड्याच्या अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. स्ट्रँगल्समध्ये आधी ताप चढतो आणि नाकातून जंतू पडायला त्यानंतर दोन-तीन दिवस जातात. हे दोन-तीन दिवस म्हणजे आपल्या हातात आलेलं सोनं आहे. नवीन आणलेला घोडा किमान तीन आठवडे वेगळा बांधा, सकाळ-संध्याकाळ ताप बघा आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. ताप दिसला त्याच क्षणी बाकीच्यांपासून तोडा आणि शेजाऱ्यांना कळवा. वेगळा बांधायचा म्हणजे बादली वेगळी, तोबरा वेगळा, खराऱ्याचा ब्रश वेगळा, लगाम वेगळा. एकच पोरगा दोन्हीकडं काम करणार असेल तर त्यानं आजाऱ्याचं सगळ्यात शेवटी करायचं. बाजारात हौदावर घोडा पाजू नका, आपली बादली आपल्यासोबत न्या. एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ टळेल.

ही झाली शेजाऱ्याला द्यायची बातमी. घोडा आपल्याला रोज जी देतो, ती आपण वाचतो का? मी कुठल्याही पागेत गेलो की घोड्याआधी लीद बघतो. चांगला घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो, गोळे बांधलेले, पडल्यावर मोडणारे. लीद कमी झाली, कोरडी झाली, वर चिकट पडदा दिसला, की पोटात काहीतरी अडतंय. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोट धरलं की सुटकेचा तो मार्ग त्याला नाही. तो पायानं माती उकरतो, कुशीकडं वळून बघतो, बसतो-उठतो, मग लोळायला लागतो. अशा वेळी बाटलीनं तोंडात तेल ओतू नका, हात जोडून सांगतो. ते फुप्फुसात जातं, आणि पोटाच्या दुखण्यातून वाचला असता तो घोडा न्यूमोनियानं जातो. चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

आपल्या सोलापूरच्या चाऱ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बाहेरची पुस्तकं त्याबद्दल काही सांगत नाहीत. आपला कडबा चांगला, मालदांडी ज्वारीचा तर फारच. पण अख्खा जाड कडबा आणि कमी पाणी, हे आतडं तुंबायचं ठरलेलं कारण. कुट्टी करून द्या. साध्या दिवसांत घोड्याला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये काम असेल तर त्याच्या दुप्पट. कोवळी हिरवी ज्वारी नको, गुराला तिच्यातल्या विषानं किराळ लागते, आणि घोड्यालाही ती धोक्याचीच. आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. हा कारखान्यांचा जिल्हा, गळीत हंगामात वाढं ढिगानं मिळतं, म्हणून काही जण महिनोन्‌महिने वाढं आणि वर गव्हाचा कोंडा एवढ्यावरच घोडा ठेवतात. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं, कोंड्यात स्फुरद जास्त. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, जबड्याची हाडं फुगतात, घोडा लंगडतो, आणि मालक नालबंदाला दोष देतो. लसूणघास नाहीतर चांगलं वाळलं गवत सोबत द्या, कोंडा कमी करा.

वरातीच्या घोड्यांचं थोडक्यात सांगतो. भर उन्हाळ्यातली लग्नं, तापलेलं डांबर, कानाशी डीजे. घोड्याचा घाम मिठानं भरलेला असतो, म्हणून नुसत्या पाण्यानं भागत नाही, चंदीत मीठ पाहिजे. आणि धनुर्वाताची लस दरवर्षी द्या. मंडपाच्या दारात पडलेला एक खिळा पुरतो, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं लवकर बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही.

एक आनंदाची बातमी. भीमथडी घोड्याला २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आपल्या भीमेकाठचं, धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारं तट्टू. ज्याला बाजारात कोणी ‘घोडा’ म्हणायलाही तयार नव्हतं, त्याचं नाव आता मारवाडी-काठियावाडीच्या यादीत आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि तितकीच काळजीही. ही तट्टं मेंढरांमागं गावोगाव पायी जातात, वाटेत मिळेल त्या हौदावर पितात. यांच्या मालकांच्या हातात ना तुमच्यासारखे मोबाइलचे ग्रुप, ना दारात डॉक्टर. वाडा तुमच्या शिवारात उतरला आणि तुमच्याकडं आजारी घोडा असेल, तर चालत जाऊन त्यांना सांगा की आमच्या हौदावर पाजू नका, आणि स्वच्छ पाण्याची दुसरी सोय करून द्या.

आता अकलूजची तयारी. ज्यांना घोडे न्यायचे आहेत त्यांनी ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने आत्ताच द्या. अहवाल बाहेरून येतो, बाजाराच्या आदल्या दिवशी धावत येऊन उपयोग नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आरोग्याचा दाखला घ्या. घेणाऱ्यांनी भोवऱ्यांआधी तो दाखला मागा, मग नाकपुडी उजेडाकडं करून आत बघा, जबड्याखाली बोटं फिरवा. विकणारा ताप बघू देत नसेल, तर तो घोडा तिथंच सोडून पुढं चला.